हट्टी रक्तदाब आणि आपले चालणे

(विहाराच्या वर्धापनदिनी आरोग्य गटाच्या वतीने वाचलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



समितीने आम्हाला बोलायला सांगितले तेव्हा आम्ही आधी नाहीच म्हटले. आम्ही काही व्याख्याते नाही. आमच्या गटात दोन निवृत्त परिचारिका आहेत, औषधाच्या दुकानात ज्यांची हयात गेली असे एक गृहस्थ आहेत, एक शाळामास्तर आहेत आणि वस्तीतल्या दोन गृहिणी आहेत. दर रविवारी वंदना आटोपली की व्हरांड्यात टेबल टाकायचे, रक्तदाब मोजायचा आणि वहीत लिहायचा, एवढेच आमचे काम. कोणाला गोळी लिहून देणे आमच्या अधिकारात नाही आणि आम्ही ती देतही नाही.

पण त्या वहीत काही नावे अशी आहेत की ती दिसली की आम्हाला काळजी वाटते. हे लोक तीन-तीन गोळ्या घेतात, तरी आकडा १६० च्या खाली यायला तयार नाही. एक मावशी तर म्हणाल्या, "माहा बी.पी. असाच आहे, तो मेल्यावरच उतरन." लोक हसले. आम्हाला काही हसू आले नाही. आजचे बोलणे अशा मंडळींसाठी आहे.

हट्टी रक्तदाब म्हणजे काय

आपल्या देशात रक्तदाबावरच्या औषधाचा शोध जुना आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावर काय परिणाम होतो ते तपासून १९४९ साली निबंध प्रसिद्ध केला आणि जगाचे लक्ष तिकडे वेधले. त्या काळी डॉक्टरांच्या हाताशी फार थोडी औषधे होती. आज तशी स्थिती नाही. अम्लोडिपीन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी नावे आता आपल्या वस्तीतल्या आजीबाईंनाही पाठ आहेत.

तरीही काहींचा रक्तदाब उतरत नाही. वेगवेगळ्या प्रकारची तीन औषधे, त्यातले एक लघवी वाढवून शरीरातले मीठ-पाणी बाहेर काढणारे, आणि तिन्ही पुरेशा मात्रेत नियमित चालू असूनही रक्तदाब ठरलेल्या मर्यादेबाहेर राहत असेल, तर डॉक्टर त्याला औषधाला न जुमानणारा रक्तदाब म्हणतात. चार किंवा त्याहून जास्त औषधांनी कसाबसा काबूत येणारा रक्तदाबही त्यातच धरतात. आम्ही आपल्या भाषेत त्याला हट्टी रक्तदाब म्हणतो. अशा माणसाला पक्षाघात, हृदयविकाराचा झटका आणि मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका इतर रक्तदाबवाल्यांपेक्षा जास्त असतो. म्हणून "सवय झाली आहे, मला काही होत नाही" असे म्हणून चालत नाही. बहुतेक वेळा रक्तदाब दुखत नाही आणि खुपतही नाही. आतल्या आत नासाडी मात्र करत राहतो.

आधी हट्ट खरा की खोटा, ते बघा

आमच्या वहीचा पहिला धडा असा की, हट्टी वाटणारा प्रत्येक रक्तदाब खरोखर हट्टी नसतो.

आमच्याकडे येणाऱ्या एका ताईंचा आकडा सहा महिने हलत नव्हता. शेवटी आमच्यातल्या एका परिचारिकाबाई त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि सहज म्हणाल्या, "गोळ्यांचा डबा आणा पाहू." डब्यात मागच्या महिन्याच्या गोळ्या अर्ध्याहून जास्त शिल्लक. ताई म्हणाल्या, "एक दिवसाआड घेते, पुरवून वापराव्या लागतात." शिवाय गुडघ्यासाठी दुकानातून आणलेली दुखण्यावरची गोळी दिवसातून दोनदा. अशा दुखण्यावरच्या बऱ्याच गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढवतात आणि रक्तदाबाच्या औषधाचा जोर कमी करतात, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते. त्यांनी डॉक्टरांकडून गुडघ्याचे औषध बदलून घेतले, गोळ्या सरकारी दवाखान्यातून नियमित मिळू लागल्या, आणि हट्ट आपोआप मोडला.

म्हणून स्वतःला हे प्रश्न विचारा. गोळी रोज घेतो का? दुखण्याची गोळी, सर्दीची गोळी, कोणाच्या सांगण्यावरून रोज ज्येष्ठमध असे काही चालू आहे का? खर्रा सुटला का? आपल्या नागपुरात हा प्रश्न विचारावाच लागतो. दारू? मीठ? जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा म्हणते. म्हणजे सगळ्या दिवसाचे मिळून एक लहान चमचाभर. त्यात भाजीतले आले, ठेच्यातले आले, लोणचे, पापड आणि सुकट-बोंबलातलेही आले. रात्री मोठ्याने घोरता का, झोपेत श्वास अडकतो असे घरचे सांगतात का? तेही डॉक्टरांना सांगा, कारण हट्टी रक्तदाबामागे ते एक मोठे कारण असते. मूत्रपिंडाचे किंवा मूत्रपिंडावरच्या ग्रंथीचे दुखणेही असू शकते. ते तपासणीशिवाय कळत नाही.

आणि मोजणेही नीट हवे. धापा टाकत येऊन खुर्चीत बसले आणि हात पुढे केला, असे नको. पाच मिनिटे शांत बसा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीवर, लघवीला जाऊन आलेले, आणि अर्धा तास आधीपासून चहा-तंबाखू नाही. मोजताना बोलायचे नाही. आमच्या टेबलापाशी गप्पा फार होतात, म्हणून मुद्दाम सांगतो. काहींचा आकडा डॉक्टर दिसले की चढतो. त्यांच्या दंडाला यंत्र बांधून चोवीस तासांचा रक्तदाब पाहतात, तेव्हा खरे काय ते कळते.

चालण्याने किती फरक पडतो

हे सगळे पाहूनही रक्तदाब उतरत नसेल तर पुढे काय? डॉक्टर चौथे औषध देतील, तो त्यांचा निर्णय. पण त्या औषधाच्या जोडीला आपल्या हातात, खरे तर आपल्या पायात, एक गोष्ट आहे.

पूर्वी अशी शंका होती की जो रक्तदाब तीन औषधांना दाद देत नाही तो चालण्याला काय दाद देणार? जर्मनीत बर्लिनच्या डॉक्टरांनी ५० हट्टी रक्तदाबवाल्यांवर हे तपासले आणि २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्या लोकांना आठवड्यातून तीन वेळा, ८ ते १२ आठवडे, चालत्या पट्ट्याच्या यंत्रावर चालवले. त्यांचा दिवसाचा वरचा रक्तदाब सरासरी ६ ने आणि खालचा ३ ने उतरला. पुढे पोर्तुगालमध्ये ६० रुग्णांवर अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. तिथे १२ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी ४० मिनिटे, देखरेखीखाली मध्यम जोराचा व्यायाम दिला. व्यायाम न केलेल्यांच्या तुलनेत व्यायाम करणाऱ्यांचा चोवीस तासांचा वरचा रक्तदाब सुमारे ७ ने आणि खालचा सुमारे ५ ने कमी भरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या १४० रुग्णांच्या अभ्यासात व्यायामाला आहार, कमी मीठ आणि वजन उतरवणे यांची जोड दिली, तिथेही चार महिन्यांत फायदा दिसला. या अभ्यासांत व्यायाम औषधांच्या जोडीने होता, त्यांच्या जागी नव्हता. एवढी एक गोष्ट आज आमच्या बोलण्यातून घरी घेऊन जा.

आता कोणी म्हणेल, सातच? एवढ्यासाठी पहाटे उठायचे? तर ऐका. रक्तदाबाच्या औषधांच्या ४८ चाचण्यांचा एकत्र हिशेब २०२१ साली मांडला गेला. त्यात वरचा रक्तदाब ५ ने उतरला तरी हृदयविकार-पक्षाघातासारखे मोठे आघात सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतात असे दिसले. तो हिशेब औषधांचा आहे, चालण्याचा नाही. पण ५ हा आकडा लहान नाही, एवढे त्यावरून समजते.

हे घडते कसे? रबरी नळी जुनी झाली की ताठ होते, तशा आपल्या रक्तवाहिन्या ताठ होतात. दमदार चालताना रक्त जोराने वाहते, तेव्हा वाहिन्यांचे आतले अस्तर त्यांना सैल करणारा पदार्थ सोडते. रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या नसांचा ताणही नियमित व्यायामाने कमी होतो. चालून झाल्यावर काही तास रक्तदाब थोडा खाली राहतो. म्हणूनच रविवारी एकदम दोन तास चालून आठवडाभर बसण्यात अर्थ नाही. आणि सोडून दिले की मिळवलेले हळूहळू जाते.

आमची चूक

इथे आम्हाला एक गोष्ट कबूल करायची आहे. ज्यांची ती आहे त्यांची परवानगी घेऊनच सांगतो. ते आज मागच्या रांगेत, खांबाजवळ बसलेले आहेत.

आमचा गट नवा होता. आम्हाला उत्साह फार. या काकाजींचा आकडा १७० च्या आसपास असायचा. आम्ही त्यांना चालायला लावले. रोज भेटलो की चालण्याचे गुण सांगायचो. काकाजी मनापासून चालू लागले. दोन महिन्यांत वजन उतरले, अंग हलके झाले आणि आकडा १५० वर आला. आम्ही सगळ्यांसमोर त्यांचे कौतुक केले, टाळ्या वाजवल्या. काकाजींना वाटले, आता गोळ्यांची गरज काय? त्यांनी त्या बंद केल्या. आम्हाला सांगितले नाही, कारण आम्ही विचारलेच नव्हते. आम्ही फक्त किती फेऱ्या झाल्या ते विचारत होतो. तीन रविवार ते आले नाहीत, तेव्हा वाटले गावाला गेले असतील. चौथ्या रविवारी त्यांचा मुलगा आला आणि म्हणाला, "बाबांची उजवी बाजू गेली."

दोष आम्ही कोणाला देणार? चालण्याचा गुण आम्ही सांगितला तो खरा होता. पण "गोळी चालूच ठेवा" हे वाक्य त्याच्या जोडीला सांगितले नाही. अर्धेच सांगणे घातक ठरते, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. आता आमच्या वहीत प्रत्येक नावापुढे दोन रकाने आहेत. एक चालण्याचा, एक गोळीचा. दोन्ही भरल्याशिवाय आकडा लिहीत नाही. आकडा उतरला तर गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. तुम्ही नाही, आम्हीही नाही. काकाजी आता काठी घेऊन विहाराभोवती दोन फेऱ्या मारतात आणि नव्या माणसाला स्वतःच दटावतात, "गोळी घेतली का रे?"

कसे चालावे

सुरुवात डॉक्टरांना विचारून करा. विसाव्याच्या वेळीच रक्तदाब १८० किंवा ११० च्या वर असेल, छातीत दुखत असेल, थोड्याशा चालण्याने धाप लागत असेल, चक्कर येत असेल, तर आधी दवाखाना, मग चालणे. एकाएकी तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोबडी वळणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता मोठ्या दवाखान्यात न्या. घरी पडून बरे वाटेल म्हणून थांबू नका.

चालण्याचा जोर मोजायची सोपी खूण अशी की, चालता चालता शेजारच्याशी बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये. गाणे म्हणता आले तर जोर कमी आहे. बोलताही येत नसेल तर जास्त झाला. नाडी मोजून चालणाऱ्यांना एक सूचना. काही रक्तदाबाच्या औषधांनी, म्हणजे ज्यांच्या नावाच्या शेवटी 'लोल' येते त्यांनी, नाडी नेहमीइतकी चढत नाही. त्यांनी नाडीवर विसंबू नये, बोलण्याची खूणच बरी.

पहिली पाच-दहा मिनिटे सावकाश, शेवटची पाच मिनिटेही सावकाश. एकदम थांबून उभे राहू नका. रक्त पायांत साचते आणि चक्कर येते, औषधे चालू असलेल्यांना तर जास्तच. पहिल्या आठवड्यात दहा मिनिटे जमली तरी पुरे. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. आठवड्याला १५० मिनिटांपर्यंत पोहोचायचे आहे. मग ते ३० मिनिटे पाच दिवस असो की ४० मिनिटे चार दिवस. गुडघे साथ देत नसतील तर सायकल चालवा. दम कोंडून जड वजन उचलू नका, त्याने रक्तदाब उसळतो.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत सूर्य वर यायच्या आत चालणे आटोपा. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्याला उन्हात चटकन पाणी कमी पडते, चक्कर येते. पाणी किती प्यायचे ते डॉक्टरांना विचारून ठेवा, कारण मूत्रपिंडाच्या किंवा हृदयाच्या रुग्णाला त्याचेही मोजमाप असते.

रस्त्यावर गाड्या आणि कुत्री, म्हणून बाया चालायला निघत नाहीत. त्यावर उपाय म्हणून आम्ही विहाराचे आवार टेपने मोजले. भिंतीच्या कडेने नऊ फेऱ्या झाल्या की साधारण एक किलोमीटर होतो. पहाटे साडेपाचला फाटक उघडे असते. समितीने तिथे एक दिवा लावून दिला, त्याबद्दल आभार.

काही उपासक विचारतात, आमचे चंक्रमण चालणार नाही का? भगवंतांनी चंक्रमणाचे पाच लाभ सांगितल्याचे अंगुत्तर निकायात आले आहे. प्रवास सोसण्याची ताकद, उद्योगाची ताकद, निरोगीपण, खाल्लेले नीट पचणे आणि चालताना साधलेली समाधी दीर्घकाळ टिकणे. बोधगयेला महाबोधी मंदिराच्या उत्तरेला रत्नचंक्रमणाची जागा आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. ते जरूर करा, मन शांत होते. पण ते सावकाश पावलांचे चालणे आहे. रक्तदाबासाठी हवे ते थोडे घाम आणणारे. तेव्हा आधी भरभर, मग शेवटी सावकाश चंक्रमण, असे दोन्ही साधते.

दिवसभर राबणाऱ्या बायांचा प्रश्न

महिला मंडळाच्या बैठकीत एका बाईंनी आम्हाला चांगलेच अडवले. म्हणाल्या, "चार घरची धुणी-भांडी करतो, तीन माळे चढतो-उतरतो. आता अजून चाला म्हणता? आम्ही काय बसून खातो?"

त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. कामाने शरीर झिजते, पण कामाची दगदग आणि व्यायाम एकच नव्हेत. काम वाकून, ओणवे राहून, ओझे उचलून, घाईत आणि विसाव्याविना होते. त्यात मालकिणीच्या बोलण्याचा ताण वेगळा. व्यायामात हृदय एका लयीत, ठराविक वेळ, आपल्या मर्जीने काम करते आणि मग त्याला विसावा मिळतो. म्हणून कष्ट करणाऱ्या बाईलाही हे चालणे हवे.

पण तिने ती चाळीस मिनिटे आणायची कुठून? झोपेतून काढली तर रक्तदाब उलट वाढेल. म्हणून हे आम्ही इथे बसलेल्या पुरुषांना सांगतो. आठवड्यातून चार सकाळी चूल तुम्ही सांभाळा, पाणी तुम्ही भरा, नातवाला शाळेत तुम्ही सोडा. तिची गोळी आणून दिली म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. तिला वेळ मिळवून देणे हाही औषधाचाच भाग समजा.

शेवटी

एका काकाजींची गोष्ट तुम्हाला सांगितली. दुसऱ्या एका गृहस्थांची सांगून थांबतो. त्यांचा हट्टी रक्तदाब खराच हट्टी होता, चोवीस तासांच्या तपासणीत तसे निघाले. ते तीन महिने विहाराभोवती चालले, गोळी एकदाही चुकवली नाही. आकडा १६२ वरून १५४ वर आला. ते नाराज झाले. "एवढ्या फेऱ्या मारून आठच?" आम्ही म्हटले, चालत राहा. डॉक्टरांनी आणखी एक गोळी जोडली, त्यांनी लोणचे सोडले, आणि गेल्या पावसाळ्यापासून ते १३८ च्या आसपास आहेत. त्यातले चालण्याचे किती, गोळीचे किती, मिठाचे किती, हे आम्हाला वेगळे काढून सांगता येणार नाही. सगळे मिळून झाले.

आमचे टेबल दर रविवारी वंदनेनंतर असते. वहीत अजून पाने रिकामी आहेत. ज्यांनी रक्तदाब कधीच मोजला नाही त्यांनी आज जेवणाआधी पाच मिनिटे येऊन बसावे. आणि ज्या मावशी म्हणाल्या होत्या की तो मेल्यावरच उतरेल, त्यांनी उद्या पहाटे साडेपाचला फाटकापाशी यावे. आम्ही त्यांच्याबरोबर चालू. सकाळची गोळी घेतली का, तेही विचारू.